समास कापू नका, ताई

ठाण्याहून एका ताईंचं पत्र आलं आहे. बरंच लांब आहे, म्हणून थोडं आवरून देतो.

"एकतीस वर्षं माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवून मी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मुलगा आणि सून कावासाकीला असतात. यंदा त्यांच्याकडे गेले होते तेव्हा तोक्योच्या जिंबोचो भागात जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून हिंडताना एक चित्र दिसलं आणि पाय तिथेच थबकले. कोरियातली नवरी. गालांवर गोल लाल टिकल्या, डोक्यावर जड मुकुट, पापण्या खाली झुकलेल्या. दुकानदार म्हणाले, पॉल जाकुले नावाच्या फ्रेंच चित्रकाराचं, १९४८ सालचं, लाकडी ठशांनी छापलेलं. दोन रात्री झोप नाही, तिसऱ्या दिवशी जाऊन घेतलं. माझ्या स्वतःच्या पैशांतून.

आता घरी आणल्यावर फ्रेमवाला म्हणतो, खालची अक्षरं आणि भोवतालची पांढरी पट्टी कापून टाकू, तयार फ्रेममध्ये छान बसेल. आमच्या ह्यांनाही ते पटलंय. शिवाय ह्यांचं म्हणणं, एवढ्या पैशात एखाद्या चांगल्या चित्रकाराचं हाताने काढलेलं चित्र आलं असतं, हे शेवटी छापलेलंच ना! मागच्या बाजूला शिक्क्यात ३५० असा आकडा आहे. म्हणजे अशा साडेतीनशे नवऱ्या आहेत का? तरीही मला अशी आणखी घ्यावीशी वाटतात. काय घ्यावं, कसं पारखावं, ठाण्याच्या पावसात कसं सांभाळावं? आणि एक गोष्ट मनात टोचते आहे. कोरियावर जपानचं राज्य होतं. तिथल्या माणसांची चित्रं एका फ्रेंच माणसाने जपानात बसून करायची आणि मी ती हौसेने भिंतीवर लावायची, ह्यात काही चुकतंय का?"

प्रिय ताई,

आधी फ्रेमवाल्याला फोन करा. चित्र त्याच्याकडे ठेवून आला असाल तर जाऊन परत आणा, आणि मग पुढचं वाचा. समास कापायचा नाही. एक सूतभरही नाही.

तुम्ही ज्याला पांढरी पट्टी म्हणता तिच्यात काय काय आहे ते बघा. फ्रेंचमध्ये छापलेलं नाव आहे, ला मारिए, सेउल, कोरे, म्हणजे 'नवरी, सोल, कोरिया'. आणि बारीक जपानी अक्षरं आहेत, ती बहुधा तुम्हाला सजावट वाटली असतील. त्यांत ठसे कोरणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव असतं. जपानात ह्या दोघांना होरिशी आणि सुरिशी म्हणतात. जुन्या उकियो-ए, म्हणजे पारंपरिक लाकडी ठशांच्या चित्रांवर चित्रकाराची सही असायची, प्रकाशकाचा शिक्का असायचा, पण ज्यांच्या मनगटाच्या जोरावर चित्र उभं राहिलं त्यांची नावं क्वचितच यायची. जाकुलेने ती चित्रामागून चित्र छापली. यामागिशी आणि माएदा केंतारो हे त्याचे कोरणारे, उचिकावा, होंडा, ओनोदेरा हे छापणारे. सुरुवातीची थोडी चित्रं सोडली तर आपल्या चित्रांचा प्रकाशक तो स्वतःच होता, त्यामुळे कागदावर काय छापायचं हे त्याच्याच हातात होतं, आणि त्याने हे छापायचं ठरवलं. तुमचा फ्रेमवाला कापू पाहतोय ती ह्या माणसांची नावं आहेत.

मला हे इतक्या तळमळीने सांगावंसं वाटतं त्याला कारण आहे. पंचवीस-एक वर्षांपूर्वी माझ्याकडे एलिझाबेथ कीथ ह्या स्कॉटिश बाईंचं एक छोटं छापचित्र आलं. कीथबाई खालच्या समासात पेन्सिलीने सही करायच्या. मी ते एका फ्रेमवाल्याकडे दिलं आणि काही न सांगता बाहेरगावी गेलो. परतलो तेव्हा चित्र सुंदर सोनेरी चौकटीत बसलं होतं आणि समास केराच्या टोपलीतून कधीच निघून गेला होता. सही गेली. त्या माणसाचा दोष नव्हता, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे देवादिकांची चित्रं काचेत लावताना असंच करतात. चित्र अजून माझ्याकडे आहे. रोज समोर असतं, आणि रोज नजर आधी त्याच्या खालच्या कडेलाच जाते.

आता हा जाकुले कोण, ते थोडं सांगतो, कारण नवरीकडे बघताना ते उपयोगी पडेल. त्याचा जन्म पॅरिसचा. वडील तोक्योत फ्रेंच शिकवायला आले, त्यांच्यामागून हा अगदी लहानपणी जपानात आला आणि तिथेच वाढला. जपानी मातृभाषेसारखी बोलायचा, शामिसेन हे तंतुवाद्य वाजवायचा, बुनराकु बाहुलीनाट्यासोबत गातात ते गिदायू कथागायन शिकलेला होता. काही काळ फ्रेंच वकिलातीत दुभाषा होता. चित्रकला शिकला ती इकेदा तेरुकाता आणि इकेदा शोएन ह्या चित्रकार दांपत्याकडे. म्हणजे युरोपातून आलेला पाहुणा आठ दिवस जपान बघून चित्रं काढतोय, अशातला हा प्रकार नाही. जुन्या विक्रीपत्रकांत त्याचं जन्मसाल १९०२ दिलेलं असतं. नंतरच्या अभ्यासकांनी १८९६ असं नक्की केलं. कुठल्याही चित्राच्या माहितीत १९०२ दिसलं, तर ती माहिती जुन्या कागदावरून उतरवलेली आहे एवढं ओळखा. चित्र खोटं आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

१९२९ साली तो दक्षिणेकडच्या बेटांवर गेला. सायपान, याप, पोनापे ही मायक्रोनेशियातली बेटं तेव्हा जपानच्या ताब्यात होती. कोरियात तो वारंवार जायचा, कारण वडील वारल्यावर आईने एका जपानी डॉक्टरशी लग्न केलं आणि ती सोलला राहू लागली. छापचित्रं सुरू झाली १९३४ मध्ये, सायपानच्या एका मुलीच्या चित्राने, आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे मार्च १९६० पर्यंत, एकशेसाठच्या आसपास चित्रं झाली. जवळजवळ सगळी माणसांची. त्याच काळात जपानात लाकडी ठशांच्या कलेला नवा बहर आला होता, त्याला शिन-हांगा म्हणतात. त्यातले पुष्कळ चित्रकार पावसात भिजलेल्या गल्ल्या, बर्फातली देवळं करत होते. हा मात्र चेहऱ्यांपाशी थांबला. म्हातारे, भिक्षू, गोंदवलेली बेटावरची माणसं, मंचू राजघराण्यासारखा पोशाख केलेल्या बायका. युद्धाच्या शेवटच्या काळात तो तोक्यो सोडून कारुइझावा ह्या डोंगरातल्या गावी गेला, भाजी लावली, कोंबड्या पाळल्या, आणि युद्ध संपल्यावर पुन्हा कोरणारे-छापणारे गोळा करून काम सुरू केलं. तुमची नवरी तिथली आहे. सोलमध्ये पाहिलेला चेहरा त्याने कारुइझावाच्या थंडीत पुन्हा बाहेर काढला.

आता "छापलेलंच ना".

तुमच्या यजमानांच्या मनात कुठलं छापील चित्र आहे ते मला दिसतं, कारण माझ्याही मनात तेच होतं. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला, आणि त्यांची लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचली. त्या छापांमागे एक मूळ तैलचित्र होतं आणि छाप ही त्याची प्रत होती. आपल्याकडे 'छापलेलं' म्हणजे 'मूळ नव्हे' हे समीकरण तिथून बसलं आहे. जपानी ठशांच्या चित्रात हिशेब वेगळा असतो. चित्रकार जलरंगात किंवा शाईत आराखडा करतो, तो कामाचा कागद. रेषांचा आराखडा पातळ कागदावर उतरवून रानटी चेरीच्या लाकडावर उलटा चिकटवतात आणि रेष तेवढी ठेवून बाकी लाकूड कोरून काढतात, म्हणजे कागदही त्यातच संपतो. मग प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा. प्रत्येक ठशाच्या कोपऱ्यात कागद टेकवायला खाचा असतात, त्यांना केंतो म्हणतात. त्या केसभर चुकल्या तर नवरीचा ओठ गालावर जातो. ओलसर केलेल्या, सरस-तुरटीचा हात दिलेल्या वाशी ह्या जपानी हातकागदावर, रंगात भाताची खळ मिसळून, बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या बारेन नावाच्या गोल चकतीने पाठीवरून घासत एकेक रंग उतरवतात. जाकुलेच्या काही चित्रांना अशी शंभराहून अधिक घासणी लागली. त्यावर अभ्रकाची पूड, कुठे सोनेरी-रुपेरी धातू, कुठे लाखेसारखी चमक, आणि कुठे रंगाशिवाय नुसता दाब देऊन उठवलेली नक्षी. हे सगळं झाल्यावर जे कागदावर उरतं तेच मूळ चित्र, त्याच्या आधी कुठलं नव्हतं.

यजमानांना हे मी सांगून पटणार नाही, तुम्ही सांगूनही नाही. रात्री खोलीतले दिवे बंद करा, चित्र टेबलावर सपाट ठेवा, आणि मोबाइलची बॅटरी बाजूने, अगदी कागदाच्या पातळीला धरा. त्यांना तुमच्या खुर्चीत बसवा. तिरक्या उजेडात नवरीच्या कपड्यांवरचा उठाव वर येईल, अभ्रक असेल तिथे कण चमकतील, पार्श्वभूमीवर बारेनचे गोल फिरलेले माग दिसतील. मग चित्र दोन्ही हातांनी उचलून उलटं करा. पाठीवर रंग झिरपलेले असतील, लाल कुठे आहे ते मागूनही कळेल. यंत्रावर छापलेल्या प्रतीत हे नसतं. तिथे दहा पट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली रंगांचे बारीक ठिपके दिसतात, हातच्या छापात सलग रंग आणि कागदाचे तंतू दिसतात. पेन्सिलीची सही तिरक्या उजेडात शिशासारखी चकाकते, छापील सही चकाकत नाही. एवढं पाहिलंत की तुमचं चित्र अस्सल आहे का, हाही प्रश्न बराचसा सुटेल. नंतर यजमान काय म्हणाले ते मला कळवा.

सहीजवळ एक छोटा शिक्का असेल. जाकुले एकच शिक्का वापरत नसे. चिमणी, बदक, फुलपाखरू असे अनेक शिक्के त्याच्याकडे होते. फुलपाखरू तर त्याच्या जिवाचं, तो स्वतः फुलपाखरांचा मोठा संग्राहक होता. संग्राहक लोक शिक्क्यांवरून बरीच चर्चा करतात. तुम्ही त्यात लगेच शिरू नका, पण आपल्या चित्रावर कुठला शिक्का आहे तो वहीत काढून ठेवा. चित्रकलेच्या शिक्षिका आहात, हातानेच काढा.

३५० चं म्हणाल तर तो आवृत्तीचा वरचा आकडा आहे, एवढ्याहून जास्त छापणार नाही असा शब्द. प्रत्यक्षात अनेक चित्रांच्या तेवढ्या प्रती निघाल्याच नाहीत. गिऱ्हाइकांच्या मागणीप्रमाणे थोड्या थोड्या छापत जायची पद्धत होती आणि छापणाऱ्याची एका चित्रापायी महिनेच्या महिने मेहनत जायची. त्यामुळे कुठेतरी तुमच्या नवरीच्या बहिणी आहेत, हे खरं. कुणाचा मुकुट अधिक झळकत असेल, कुणाचा लाल उन्हाने उतरला असेल. संग्राहकाला ह्यात कमीपणा वाटू नये. दोन प्रती शेजारी ठेवायची संधी मिळाली तर सोडू नका. सुरिशीचा हात तिथे सगळ्यात स्पष्ट वाचता येतो.

आणखी काय घ्यावं, ह्यावर माझं मत ठाम आहे: संपूर्ण संच जमवायच्या मागे लागू नका. एकशेसाठमधली किती झाली हे मोजायला लागलं की माणूस चित्र बघायचं सोडून यादी बघायला लागतो. अशा घरांत मी गेलो आहे. चित्रं कपाटात होती आणि यादी भिंतीवर. तुमचं नवरीपाशी पाऊल थांबलं ना, तिथूनच पुढे जा. कीथबाईंचंही एक कोरियन नवरीचं छापचित्र आहे, १९३८ चं. त्या १९१५ मध्ये बहिणीकडे तोक्योला आल्या आणि वर्षानुवर्षं तिकडेच रमल्या. मार्च १९१९ च्या अखेरीस त्या कोरियात पोचल्या तेव्हा स्वातंत्र्याची मागणी करत रस्त्यावर उतरलेल्या लोकांना जपानी सरकार चिरडत होतं, आणि ते त्यांनी पाहिलं. कोरियातल्या लग्नात नवरीने दिवसभर डोळे मिटून, न बोलता बसायचं असा रिवाज होता, हे त्यांनी आवर्जून लिहून ठेवलं आहे. दोघींना, म्हणजे कीथची नवरी आणि जाकुलेची नवरी ह्यांना, शेजारी ठेवून बघा. विकतच घ्यायला हवं असं नाही, मोठ्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर छान मोठी छायाचित्रं असतात. कीथची नवरी मला थकलेली दिसते. खोलीत एकटी, सणाच्या कपड्यांत अडकलेली. जाकुलेची नवरी मूर्तीसारखी आहे, तिच्या थकव्यापेक्षा त्याला तिच्या रेशमाचं अप्रूप जास्त. मला कीथची अधिक जवळची वाटते, हे सांगून टाकतो, तरी कोरणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं काम जाकुलेकडे कितीतरी वरचं आहे. जाकुलेनेच १९५० मध्ये नवरदेवही केला आहे. काहींना ती जोडी हवी असते. मला विचाराल तर नवरदेवाच्या आधी कीथ.

भारताची ओढ असेल तर चार्ल्स बार्टलेट हे नाव ऐकून ठेवा. इंग्रज माणूस, १९१३ मध्ये बायकोसह निघाला, भारतात हिंडला आणि १९१५ मध्ये जपानात पोचला. वातानाबे शोझाबुरो ह्या प्रकाशकाने १९१६ मध्ये त्याची छापचित्रं काढली, त्यांत आग्रा आहे, वाराणसी आहे, उदयपूर आहे. ती व्यक्तिचित्रं नव्हेत, पण वाराणसीचा घाट तोक्योच्या लाकडातून उमटलेला पाहताना मला भरून आलं होतं. वातानाबेंकडची जुनी चित्रं घेताना एक तारीख ध्यानात ठेवा, १ सप्टेंबर १९२३. त्या दिवशीच्या भूकंपाने आणि आगीने त्यांचं दुकान आणि ठसे खाक झाले. त्याआधीच्या छापांची संख्या म्हणूनच तिथे गोठली, किंवा ठसे पुन्हा कोरावे लागले. विकणाऱ्याला विचारा, हा छाप भूकंपाआधीचा की नंतरचा.

विकत घेताना तीन जपानी शब्द तुमच्या उपयोगी पडतील, सूनबाईंकडून उच्चार घोटून घ्या. शिमी म्हणजे डाग, बुरशीचे तपकिरी ठिपके त्यातच येतात. याके म्हणजे उजेडाने किंवा हलक्या पुठ्ठ्याने कागद पिवळा-तांबूस पडणं. आणि योहाकू म्हणजे आपला समास. चांगला दुकानदार हे तिन्ही स्वतःहून सांगतो. चित्र फ्रेममध्ये असेल तर बाहेर काढून पाठ दाखवा म्हणा, दाखवत नसेल तर निघून या. पाठीवर चिकटपट्टीचे पिवळे चट्टे, पुठ्ठ्याला पूर्ण चिकटवलेला कागद, किंवा चौकटीच्या खिडकीची फिकट रेघ, हे दिसलं की किंमत कितीही गोड असली तरी हात आखडता घ्या. इंटरनेटवरच्या लिलावात घेत असाल तर पाठीचा, समासाचा आणि तिरक्या उजेडातला असे तीन फोटो मागा, आणि परत घेण्याची अट लेखी घ्या. परदेशातून येणारं पार्सल कस्टम्सला खऱ्या किमतीने जाहीर करा, बिल जपून ठेवा. पुढे कधी ते विकावं किंवा कुणाला द्यावं लागलं तर तोच कागद चित्राची साक्ष देईल. पैशांचं एवढंच सांगतो की जाकुलेची चित्रं काही शे डॉलरपासून काही हजार डॉलरपर्यंत जातात, आणि वाढत्या भावाच्या आशेने घेण्याची ही वस्तू नाही. दोन रात्री झोप लागली नाही म्हणून तुम्ही घेतलंत, तीच कसोटी पुढेही ठेवा. दुसरं घेण्याआधी पहिल्याबरोबर निदान एक पावसाळा काढा.

पावसाळा म्हटला की माझा जीव खाली-वर होतो, म्हणून इथे थोडा थांबतो. ठाण्याला खाडीची हवा. जुलैत कागद हातात घेतला तर मऊ लागतो, म्हणजे त्याने पाणी पिलेलं असतं. वाशी कागद चिवट आहे, पण त्यावरची खळ आणि सरस हे बुरशीचं आणि कसरीचं आवडतं खाणं. हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास राहिली तर उत्तम. आपल्याकडे ते जमणं कठीण, पण एकदम वर-खाली होऊ देऊ नका. दिवसा एसी आणि रात्री उघड्या खिडक्या, हे कागदाला फार जाचतं. बाहेरच्या भिंतीवर, न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर, देवघराच्या धुराजवळ चित्र नको. आतल्या भिंतीवर लावा आणि फ्रेमच्या मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेम ह्यांच्यात हवा खेळेल. खिडकीतलं ऊन तर नकोच, समोर झगझगीत दिवाही नको. संग्रहालयात कागदावरच्या चित्रांना पन्नास लक्सच उजेड देतात, तो आपल्याला संध्याकाळसारखा वाटतो. वर्षातले काही महिने चित्र उतरवून, आम्लरहित कागदाच्या घडीत, सपाट पेटीत विश्रांतीला ठेवा. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यात तर त्या मधून मधून वाळवा, नाहीतर त्याच ओल धरून बसतात. डांबरगोळ्या नकोत. दर महिन्याला पेटी उघडून बघणं हे सगळ्यांत मोठं औषध. आणि चित्राच्या अंगाला हात लावू नका, अभ्रक सुटतं. धूळ वाटली तरी फडकं फिरवू नका.

फ्रेमवाला बदलायची गरज नाही, त्याला समोर बसून सांगा. तो ऐकेल. मागचा पुठ्ठा आणि खिडकीचा पुठ्ठा दोन्ही आम्लरहित. कागद पुठ्ठ्याला फक्त वरच्या कडेला, दोन ठिकाणी, जपानी कागदाच्या छोट्या बिजागऱ्यांनी टांगायचा आणि त्या गव्हाच्या पिठाच्या शिजवलेल्या खळीने लावायच्या. फेविकॉल नाही, सेलोटेप नाही, गरम इस्त्रीने चिकटवणं अजिबात नाही. खिडकी अशी कापायची की नाव, सही आणि ती जपानी अक्षरं आत दिसतील, त्यांच्या बाहेर बोटभर जागा सोडून. काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये पट्टी हवी. तयार फ्रेम ह्यात बसणार नाही, मोठी करून घ्यावी लागेल, आणि तो खर्च चित्राच्या किमतीतच धरा. कधी डाग दिसला, कागद फुगला, तर घरगुती उपाय न करता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्रात विचारा. त्या निमित्ताने तिथलं टाटांच्या संग्रहातल्या जपानी कलावस्तूंचं दालनही बघा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. तो तुम्ही कचरत कचरत लिहिलात, पण माझ्या लेखी पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न तोच.

होय, त्यात काहीतरी आहे आणि ते झाकू नये. कोरिया १९१० ते १९४५ जपानच्या ताब्यात होता. बेटंही. जाकुले तिथे जाऊ शकला तो त्या राज्याच्या बोटींतून आणि त्या राज्याच्या कृपेने. त्याच्या एका मोती ल्यालेल्या मंचू बाईच्या चित्राखाली १९५० मध्येही मांचुकुओ असं छापलं आहे, म्हणजे जपानने उभं केलेलं ते बाहुलं राज्य बुडून पाच वर्षं झाली होती तरी. आपल्यालाही हे नवं नाही. साहेबांनी आपल्या आजा-पणजांना जातीचे 'नमुने' म्हणून कॅमेऱ्यासमोर उभं केलं, खाली नाव नाही, फक्त जात आणि जिल्हा. तशा फोटोंत आपलं माणूस दिसलं की काय वाटतं ते तुम्हाला माहीत आहे. तुमच्या नवरीच्या खालीही तिचं नाव नाही, फक्त 'नवरी' आणि गाव.

पण मी दुसरंही पाहतो. हा माणूस युरोपात परत जाऊन गोष्टी विकणारा नव्हता. त्याच्या घरात एक कोरियन कुटुंब त्याच्यासोबत राहिलं, शेवटपर्यंत. त्यांतली मुलगी त्याने दत्तक घेतली. त्याच्यामागे तिने हा सगळा ठेवा सांभाळला, त्याचा फार मोठा भाग पॅरिसच्या के ब्रांली संग्रहालयाला दिला, आणि सोलच्या राष्ट्रीय संग्रहालयालाही त्याची छापचित्रं दिली. म्हणजे त्या नवऱ्या, ते म्हातारे, ते भिक्षू आपल्या गावी परत गेले आणि तिथली माणसं आता ते कपडे, ते मुकुट त्यांत ओळखतात. ह्याने वरचं सगळं पुसलं जातं असं मी म्हणणार नाही. चित्र उतरवून ठेवा असंही म्हणणार नाही. तुम्ही भिंतीवर लावा, आणि घरी येणारं कुणी "किती छान, जपानी ना?" असं म्हणालं की त्याला सांगा, ही कोरियन आहे, सोलची आहे, हिने दिवसभर डोळे मिटून बसायचं होतं, आणि तेव्हा तिच्या देशावर दुसऱ्याचं राज्य होतं. एवढं सांगितल्याशिवाय त्या चित्रापुढून कुणाला जाऊ देऊ नका.

आणि माझं एक काम करा. सूनबाईंना व्हिडिओ कॉलवर समासातली ती बारीक जपानी अक्षरं दाखवा आणि वाचून घ्या. तुमची नवरी कोणी कोरली आणि कोणी छापली, ती दोन नावं मला कळवा.